बँकेचे व्यवहार फायरफ्लायमध्ये आणताना: दुप्पट नोंदी, गायब नोंदी आणि आपलेच पैसे

तुमची अडचण मला कळली ती अशी. घरच्या जुन्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) फायरफ्लाय थ्री हे घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलंय. पगाराचं खातं खासगी बँकेत, घरखर्चाचं सरकारी बँकेत, वडिलांबरोबरचं जोडखातं गावच्या सहकारी बँकेत आणि एक क्रेडिट कार्ड. बँकेची सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) आयात केल्यावर काही व्यवहार दोनदा यायला लागले, म्हणून तुम्ही दुप्पट नोंदी ओळखण्याची पद्धत बदलून संदर्भ क्रमांकावर नेली. आता काही व्यवहार येतच नाहीत. शिवाय पगाराच्या खात्यातून घरखर्चाच्या खात्यात वळवलेले वीस हजार कधी खर्च म्हणून दिसतात, कधी उत्पन्न म्हणून. यावर तुम्ही विचारताय की अकाउंट अ‍ॅग्रिगेटर (आपल्या संमतीनं बँकेतली माहिती दुसऱ्याकडे पोचवणारी व्यवस्था) जोडून किंवा एसएमएस वाचून हे सगळं आपोआप होईल का.

आपोआप आणण्यानं तुमचा त्रास कमी होणार नाही, आज महिन्यातून एकदा होतोय तो रोज होईल. खरी अडचण ओळख पटवण्याची आहे. समोर आलेली ओळ आधीच नोंदलेली आहे की नवी, आणि पैसे परक्याकडे गेले की आपल्याच दुसऱ्या खात्यात, हे सॉफ्टवेअरला कशावरून कळावं? आपल्याकडची बँकेची फाइल जशीच्या तशी दिली तर ते कळत नाही. ते कळेल अशी फाइल आपल्याला तयार करावी लागते. पण आधी आपोआपचा विषय संपवू.

अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये आणले आणि व्यवस्था प्रत्यक्ष कामाला लागली सप्टेंबर २०२१ मध्ये. योजना चांगली आहे, पण त्यात माहिती घेणारा पक्ष रिझर्व्ह बँक, शेअर बाजाराची सेबी, विम्याची इर्डा किंवा पेन्शनची पीएफआरडीए यांपैकी कोणत्या तरी नियामकाच्या कक्षेतला असावा लागतो. तुम्ही संमती देणारे ग्राहक असता, तुमचा लॅपटॉप माहिती घेणारा पक्ष होऊ शकत नाही. यूट्यूबवर दिसणारी आपोआप जोडणी बँकांना खात्याची माहिती खुली करायला लावणाऱ्या युरोपातल्या पीएसडी-टू कायद्यामुळे किंवा बँकेचे व्यवहार आणून देणाऱ्या अमेरिकेतल्या सिंपलफिनसारख्या सेवांमुळे चालते. घरच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या तिकडच्या मंडळींची आवडती, अशीच जोडणी देणारी गोकार्डलेसची मोफत सेवाही २०२५ मध्ये नव्या नोंदणीसाठी बंद झाली. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मित्रांना एक सोय जास्त आहे, तिथल्या बऱ्याच बँका एफआयएनटीएस ही सॉफ्टवेअरला खातं वाचू देणारी सोय देतात आणि जीएनयूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर ती थेट वाचतं. पुण्या-नाशकात बसून त्याचा काही उपयोग नाही.

एसएमएसचा मार्ग मला पटत नाही. काही बँकांनी छोट्या रकमेच्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस पाठवणंच थांबवलंय. व्याज, तिमाही शुल्क, परत आलेले पैसे यांचा एसएमएस येईलच असं नाही. मजकुराचा साचा बँक न सांगता बदलते. आणि नेटबँकिंगचा पासवर्ड एखाद्या स्क्रिप्टला (आपण लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला) देऊन तिला लॉगिन करायला लावायचा विचार असेल तर तो सोडाच. ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. पासवर्डसारखा तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकानं सोसायचं, असं त्यात स्पष्ट आहे.

म्हणजे उरतं ते स्टेटमेंट डाउनलोड करणं. महिन्यातून एकदा, तीन बँका, एक कार्ड. चहा गार व्हायच्या आत होतं.

आता मुख्य मुद्दा. फायरफ्लायचा डेटा इंपोर्टर (फाइलमधले व्यवहार आत आणणारा भाग) दुप्पट नोंदी दोन प्रकारे ओळखतो. पहिल्या पद्धतीत पाठवलेल्या नोंदीच्या मजकुराचा ठसा (मजकुरावरून बनणारी छोटी खूण) काढून तो जुन्या ठशांशी ताडतो. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही एक रकाना नेमून देता, त्यातली किंमत आधी कुठे आली आहे का एवढंच तो पाहतो.

पहिल्या पद्धतीत नोंदी दुप्पट होतात, कारण एकच व्यवहार बँक वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत लिहिते. नेटबँकिंगच्या सीएसव्हीत पूर्ण तपशील, मोबाइल अ‍ॅपमधून घेतलेल्या फाइलमध्ये तोडलेला, पीडीएफमधून काढला तर मध्येच ओळ मोडलेली. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. दोन आयातींच्या मध्ये तुम्ही रकान्यांची जोडणी बदललीत तरी तेच होतं. उलट बाजूही आहे. तपशील तोकडा देणाऱ्या बँकेत एकाच दिवशी एकाच टपरीवर वीस-वीस रुपये दोनदा दिले तर दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात आणि दुसरी खरी असूनही गळते.

दुसऱ्या पद्धतीत व्यवहार गळतात, त्याचं कारण जरा मजेशीर आहे. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. बहुतेक वेळा त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन वर्षातला दिवस सांगतात. म्हणजे ५१२३ नं सुरू होणारा क्रमांक दिसला की २०२५ चा १२३ वा दिवस, ३ मे. तारखेबद्दल शंका आली की मी हे बघतो. क्रमांक भरवशाचा आहे, पण तो व्यवहाराचा आहे, तुमच्या खात्यातल्या ओळीचा नाही. हा फरक कुठे नडतो ते या तीन ओळींत दिसेल:

०३-०५ | यूपीआय/नावे/५१२३४५६७८९०१/किराणा | ६४० नावे | शिल्लक १७,८१०
०३-०५ | यूपीआय/परत/५१२३४५६७८९०१ | ६४० जमा | शिल्लक १८,४५०
०३-०५ | यूपीआय/नावे/५१२३४५६७९२२४/किराणा | ६४० नावे | शिल्लक १७,८१०

दुकानात पैसे कापले गेले, दुकानदाराला पोचले नाहीत, परत आले, पुन्हा दिले. रोजची गोष्ट. पहिल्या दोन ओळींचा संदर्भ क्रमांक एकच आहे, म्हणून नुसत्या क्रमांकावर तपासणी लावली की परत आलेले ६४० गायब. काही लोक यावर तारीख, रक्कम आणि शिल्लक मिळून ओळख बनवतात. पहिली आणि तिसरी ओळ बघा, तिन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या आहेत. तिथे तिसरी ओळ गळते.

शिवाय बँकेच्या शुल्काला आणि व्याजाला संदर्भ क्रमांक नसतोच, किंवा त्या जागी नुसती शून्यं असतात. पहिलं शुल्क नोंदलं की पुढची सगळी शुल्कं इंपोर्टरला जुनीच वाटतात. आणि तुमचे वीस हजार यूपीआय किंवा आयएमपीएसनं गेले असतील तर दोन्ही बँकांच्या फाइलमध्ये तोच बारा आकडी क्रमांक येतो. पगाराच्या खात्याची फाइल आधी टाकलीत तर तो खर्च होतो आणि दुसऱ्या फाइलमधली जमा दुप्पट म्हणून वगळली जाते. घरखर्चाची फाइल आधी टाकलीत तर उलटं. कधी खर्च, कधी उत्पन्न, याचं कारण हे.

म्हणून मी इंपोर्टरला बँकेची मूळ फाइल कधीच देत नाही. धान्य निवडून मगच गिरणीत टाकायचं. प्रत्येक बँकेसाठी पायथन भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट, आणि सगळ्यांमधून निघणारी फाइल एकाच साच्याची: तारीख, चिन्हासह रक्कम, तपशील, समोरचं खातं, संदर्भ क्रमांक, शेरा आणि मी बनवलेली ओळख. इंपोर्टरची जेसन मांडणी (कुठला रकाना कशाचा हे सांगणारी फाइल) मग सगळ्या बँकांना जवळपास एकच चालते, फक्त मूळ खातं बदलतं. बँकेनं उद्या रकाने बदलले तर त्या बँकेची स्क्रिप्ट तेवढी दुरुस्त करायची, बाकी गाडं तसंच चालू.

ओळख मी अशी बनवतो: खात्याचं लघुनाव, संदर्भ क्रमांक, आणि नावे की जमा. वरच्या तिन्ही ओळी यानं वेगळ्या राहतात. संदर्भ क्रमांक नसेल किंवा शून्यं असतील तर त्या जागी तारीख, रक्कम आणि शिल्लक. शुल्क आणि व्याजाच्या ओळींना ते पुरतं, कारण तीच रक्कम परत येऊन त्याच दिवशी पुन्हा कापली जाण्याचा प्रकार तिथे सहसा होत नाही. ही ओळख इंपोर्टरमध्ये बाह्य ओळखीचा रकाना म्हणून नेमायची आणि दुप्पट तपासणी त्यावर ठेवायची. मग दोन फाइलींमध्ये काही दिवस सामाईक आले तरी फरक पडत नाही. मी तर मुद्दाम मागच्या महिन्याचा शेवटचा आठवडा पुन्हा घेतो. उशिरा परत आलेले पैसे आणि महिनाअखेरीला अडकलेल्या ओळी त्यात सापडतात.

आपल्याच खात्यांमधल्या हस्तांतरासाठी स्क्रिप्टला माझ्या खात्यांची यादी माहीत असते: शेवटचे चार आकडे, माझे यूपीआय पत्ते, बँकेच्या तपशिलात माझं नाव जसं येतं तसं. नावे ओळीत यातलं काही सापडलं की समोरच्या खात्याच्या रकान्यात माझ्या त्या खात्याचं नाव जातं. इंपोर्टरच्या मॅपिंगच्या पायरीत ते नाव फायरफ्लायमधल्या खऱ्या मालमत्ता खात्याशी (आपल्याच पैशांच्या खात्याशी) एकदा जोडून द्यायचं, म्हणजे व्यवहार ट्रान्स्फर म्हणून नोंदला जातो. जमा बाजूची ओळ मी आयातीतून काढून टाकतो, पण फेकत नाही. ती वेगळ्या यादीत जाते आणि संदर्भ क्रमांकावरून तिची जोडी जुळते का ते पाहिलं जातं. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, सहसा दोन्हीकडे सापडतो. कार्डाच्या बिलाचा सापडत नाही, तिथे तीच रक्कम आणि तीन दिवसांचं अंतर असं मी धरतो. जोडी न जुळलेली ओळ राहिली तर हातानं बघायची, तशा फार नसतात.

कार्डाचं बिल भरणं हाही खर्च नाही, ट्रान्स्फरच. खर्च कार्डावर ज्या दिवशी केला तेव्हाच नोंदला गेलाय. मुदत ठेवीत आपोआप वळणारे पैसे असतील तर ठेवीचं एक मालमत्ता खातं काढा आणि तिकडे ट्रान्स्फर दाखवा, नाहीतर एखाद्या महिन्यात लाखाचा खर्च दिसून घरात चर्चा होते. गृहकर्जाचा हप्ता स्टेटमेंटमध्ये एकरकमी दिसतो, मुद्दल आणि व्याज वेगळं करायला बँकेचं वार्षिक व्याज प्रमाणपत्र लागतं. मी ते वर्षाअखेरीला एकदाच करतो.

यूपीआय लाइट (छोट्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायचं पाकीट) वापरत असाल तर एक गोष्ट आत्ताच ठरवा. लाइटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ स्टेटमेंटला येते, त्यातून केलेले छोटे खर्च येत नाहीत. डिसेंबर २०२४ पासून एका व्यवहाराला १,००० आणि एकूण शिलकीला ५,००० रुपयांची मर्यादा आहे, म्हणजे रक्कम अगदीच किरकोळ नाही. ज्याला प्रत्येक चहा मोजायचाय त्यानं लाइट वापरू नये. मला नाही मोजायचा, म्हणून मी लाइटमध्ये भरलेले पैसे थेट ‘किरकोळ’ या वर्गात टाकतो.

आता शिलकीबद्दल, कारण माझा सगळा भरवसा तिच्यावर आहे. बँकेच्या फाइलमधल्या शिलकीच्या रकान्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, कारण फायरफ्लायला तो लागत नाही. पण फाइल नीट वाचली गेली का हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही. माझी स्क्रिप्ट प्रत्येक ओळीला मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा करून बघते आणि बँकेच्या शिलकीशी पैशापर्यंत जुळलं नाही तर फाइलच बनवत नाही, कुठल्या ओळीवर अडलं ते सांगते. तपशिलात स्वल्पविराम आल्यामुळे सरकलेला रकाना, १,२५,००० मधल्या स्वल्पविरामानं तुटलेली रक्कम, पीडीएफच्या पान बदलताना गळालेली ओळ, हे सगळं तिथे पकडलं जातं. कार्डाला अशी शिल्लक नसते, म्हणून मागची थकबाकी, अधिक खरेदी आणि शुल्क, वजा भरणा हे बिलातल्या एकूण रकमेशी जुळवायचं.

तारीख मात्र शिलकीत पकडली जात नाही. आपली ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, ती ४ मार्च म्हणून वाचली गेली तरी बेरीज जुळतेच. त्यामुळे स्क्रिप्टमध्येच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी करून टाका. इंपोर्टरच्या तारखेच्या साच्यात लहान वाय म्हणजे दोन आकडी वर्ष आणि मोठा वाय म्हणजे चार आकडी, तिथे बरेच जण अडकतात. आणि डाउनलोड केलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. लांब संदर्भ क्रमांक दशांशाच्या रूपात जातात आणि शेवटचे आकडे कायमचे शून्य होतात. बघायचीच असेल तर साध्या नोटपॅडमध्ये उघडा. काही बँकांची एक्सेल फाइल तर मुळात टॅबने रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइलच असते, फक्त फाइलच्या नावाचं शेपूट एक्सेलचं.

तुमच्या सहकारी बँकेचं काय करायचं ते खात्यातल्या वर्दळीवर ठरेल. महिन्याला चार ओळी असतील, पेन्शन जमा, वीजबिल, एखादं पैसे काढणं, तर हातानं टाका. चार ओळींसाठी पीडीएफ वाचणारी स्क्रिप्ट लिहीत बसणं ही हौस आहे, गरज नाही. मला हौस आहे, तो भाग वेगळा. वर्दळ जास्त असेल तर क्यूपीडीएफ या साधनाने पासवर्ड काढा आणि पॉपलर या साधनसंचातल्या पीडीएफ-टू-टेक्स्टला मांडणी राखायचा पर्याय देऊन मजकूर काढा. तपशील दोन-तीन ओळींवर पसरलेला असेल, म्हणून ज्या ओळीच्या सुरुवातीला तारीख आहे तिथे नवा व्यवहार सुरू आणि पुढच्या तारखेपर्यंतचं सगळं त्याचंच, असं धरून चाला. पीडीएफचं सीएसव्ही करून देणाऱ्या फुकट वेबसाइट वापरू नका. बँकेचे कागद परक्या सर्व्हरवर चढवायचे असतील तर घरी सर्व्हर ठेवण्याचा खटाटोप कशाला?

वर्गवारीला मी शेवटी हात घालतो. दुकानाच्या नावावर नियम लिहिलेत तर फसाल, कारण क्यूआर कोडवर दुकानाऐवजी मालकाचं नाव येतं, आणि भाजीवाल्याच्या मुलाचं नाव तुमच्या भाच्याचंही असू शकतं. यूपीआय पत्ता जास्त स्थिर असतो, नियम त्यावर लिहा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे पैसे देताना शेऱ्यात एक शब्द टाकायचा, दूध, भाजी, औषध, आणि फायरफ्लायचा नियम तो शब्द बघून वर्ग लावतो. आमच्या घरी हे बायकोनं माझ्याआधी अंगवळणी पाडलं. तुमची बँक शेरा तपशिलात पूर्ण देते की तोडते ते आधी एका व्यवहारावर बघा. तोडत असेल तर शब्द पाच-सहा अक्षरांतच ठेवा.

आता आधीच झालेल्या गोंधळाचं. एकेक नोंद शोधून पुसत बसू नका. इंपोर्टर प्रत्येक आयातीला टॅग लावतो, तो पर्याय तुम्ही बंद केला नसेल तर त्या टॅगखालच्या नोंदी एकगठ्ठा निवडून काढता येतील. त्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक प्रत्येक खात्याला लावून तिथूनच नव्यानं आयात केली असती, आर्थिक वर्ष जुळतं आणि आयकर विवरणाच्या वेळी तेच आकडे कामाला येतात. पहिला महिना आयात झाल्यावर चारही खात्यांची शिल्लक स्टेटमेंटशी ताडा आणि जुळल्याशिवाय दुसऱ्या महिन्याला हात लावू नका. मूळ फाइली वर्षवार फोल्डरमध्ये तशाच ठेवा. स्क्रिप्ट गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवल्या तर चालतील, स्टेटमेंट त्यात जाऊ देऊ नका.

सहकारी बँकेच्या पीडीएफची स्क्रिप्ट लिहायची ठरलीच, तर तिच्यातल्या चार-पाच ओळी नाव, खाते क्रमांक आणि संदर्भ क्रमांक झाकून इथे टाका. तारीख आणि रकाने कुठे तुटतात ते बघून पॅटर्न लिहून देतो.